साखरेच्या मुलखात मीठ

कृष्णा-पंचगंगेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या गूळ करीत आलेल्या गुळव्याला, रसायनशास्त्राचे नावही त्याच्या कानावरून गेलेले नसताना, एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती ही की क्षारपड रानातला ऊस गुऱ्हाळावर आला म्हणजे कढई कितीही निगुतीने सांभाळली तरी त्याचा गूळ चवीला खारट उतरतो, ढेप घट्ट बसत नाही आणि पावसाळी हवा लागली की ती पाझरू लागते. साखर कारखान्यातील पदवीधर रसायनज्ञ याच अनुभवाला आकड्यांची भाषा देतो: उसाच्या रसातून येणारी पोटॅशियमादी लवणे साखरेचा काही भाग आपल्यापाशी अडकवून ठेवतात, तो भाग स्फटिकरूपाने बाहेर न येता मळीबरोबर निघून जातो, आणि तेवढ्या प्रमाणात कारखान्याचा उतारा घटतो. सारांश, साखरेच्या दप्तरात लवणाची नोंद आजवर खर्चाच्याच बाजूस होत आली आहे. परंतु ज्यांना साखर साठवायची नसून मोडायची आहे, तिच्या रेणूची फोड करून त्यातून प्लास्टिक, इंधन आणि औद्योगिक रसायने घडवायची आहेत, अशा एका निराळ्या पंथाच्या संशोधकांनी हीच नोंद गेल्या काही दशकांत जमेच्या बाजूस मांडावयास आरंभ केला असून, तो त्यांचा हिशेब कितपत जुळतो हे तपासून पाहण्याजोगे आहे.

साखर मोडायचीच कशाला, असा प्रश्न ऊस पिकविणाऱ्या मुलखात कोणीही विचारील. आपल्या नित्य वापरातील बाटल्या, कृत्रिम धागे, रंग, गोंद आणि विद्रावके यांच्यातील कार्बन बहुतेक सगळा खनिज तेलाच्या विहिरीतून येतो. वनस्पतींपाशी असलेला कार्बनचा साठा मात्र दरसाल नवा होणारा आहे, पण तो ज्या रूपात आहे ते रूप कारखानदाराच्या सोयीचे नाही. खनिज तेलाच्या रेणूत ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून तो हवा तेथे बसवावा लागतो. शर्करेच्या रेणूत उलट कार्बनच्या जवळजवळ प्रत्येक अणूला ऑक्सिजनाचे लोढणे बांधलेले असते, आणि त्यातील नेमके नको तेवढेच सोडवून घेण्यात रसायनज्ञाचे कसब लागते. ते सोडविण्याची सर्वांत स्वाभाविक रीत म्हणजे शर्करेतून पाणी काढून घेणे. झायलोज या पाच कार्बनी शर्करेतून, जी उसाचे चिपाड, धान्याचा कोंडा, ज्वारीचा कडबा यांतील हेमिसेल्युलोज नामक द्रव्यात गुंफलेली असते, पाण्याचे तीन रेणू निघून गेले म्हणजे फरफ्युराल हा द्रव मिळतो. १५० भार झायलोजपासून हिशेबाने ९६ भार फरफ्युराल आणि ५४ भार पाणी व्हावयास हवे. सहा कार्बनी द्राक्षशर्करा किंवा फलशर्करा घेतली तर याच रीतीने त्याचे थोरले भावंड, हायड्रॉक्सिमिथिल-फरफ्युराल, पदरात पडते. या दुसऱ्याचे नाव लांबलचक असल्यामुळे जाणकार त्याला एचएमएफ म्हणतात, आणि आपणही तसेच म्हणू.

फरफ्युरालाची हकीकत बरीच जुनी आहे. जर्मनीतील येना येथील विद्यापीठात अध्यापन करणारे योहान व्होल्फगांग डोबरायनर, ज्यांच्यावर महाकवी गटे यांचा मोठा लोभ होता, फॉर्मिक अम्ल तयार करीत असता त्यांना हे द्रव्य थोडेसे सापडले व १८३२ साली त्यांनी त्याची वार्ता प्रसिद्ध केली. पुढे १८४० मध्ये स्कॉटिश रसायनज्ञ जॉन स्टेनहाउस यांनी दाखविले की मका, ओट, कोंडा, लाकडाचा भुसा असे काहीही सौम्य गंधकाम्लाबरोबर ऊर्ध्वपातित केले तरी तेच एक तेलकट, बदामासारख्या वासाचे द्रव्य हाती येते. त्यानंतर ऐंशी वर्षे ते प्रयोगशाळेच्या फडताळातच राहिले. १९२२ च्या सुमारास अमेरिकेतील आयोवा प्रांतात सीडर रॅपिड्स येथे क्वेकर ओट्स कंपनीपाशी ओटच्या टरफलांचे ढीग साचले आणि त्यांची विल्हेवाट लावण्याच्या खटपटीतून या द्रव्याचा पहिला कारखाना उभा राहिला. वंगणतेलाच्या शुद्धीकरणासाठी ते खपू लागले, काही काळ नायलॉनच्या निर्मितीतही त्याला स्थान मिळाले, आणि आज त्याच्यापासून होणाऱ्या फरफ्युरिल अल्कोहोलाची राळ ओतकामाच्या वाळूचे साचे बांधण्याकरिता वापरली जाते. कोल्हापूर-इचलकरंजीकडे ओतकामाचे कारखाने आणि साखरेचे कारखाने एकमेकांपासून फार दूर नाहीत. साच्याची वाळू धरून ठेवणारी राळ चिपाडाच्या कुळातली असू शकते, ही गोष्ट मात्र दोन्हीकडच्या फारच थोड्यांच्या ध्यानात येत असेल.

इतकी जुनी आणि इतकी सोपी दिसणारी विक्रिया असूनही तिच्यात एक खोड आहे, आणि लवणाचा प्रवेश त्या खोडीमुळेच झाला. शर्करेतून पाणी काढणारे अम्ल हवे ते द्रव्य तयार झाल्यावर थांबत नाही. तयार झालेले फरफ्युराल त्याच भांड्यात, त्याच उष्णतेत, उरलेल्या शर्करेशी आणि स्वतःशीही जुळून काळपट, डांबरासारख्या निरुपयोगी द्रव्यात रूपांतरित होते, ज्याला ह्यूमिन म्हणतात. एचएमएफ तर याहून नाजूक, कारण त्याच्यात पाण्याचे दोन रेणू परत शिरले की त्याचे लेव्ह्युलिनिक अम्ल आणि फॉर्मिक अम्ल असे दोन तुकडे पडतात. क्वेकर ओट्सच्या जुन्या पद्धतीत हिशेबाने मिळावयास हव्या त्या उताऱ्याच्या सुमारे निम्माच हाती येत असे. तेव्हा करावयाचे ते असे की विक्रिया वेगाने व्हावी, पण तिचे फळ पिकताक्षणी पाण्याबाहेर काढले जावे.

यासाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे आपले स्वयंपाकघरातले मीठ. साबणाच्या भट्टीवर काम केलेल्या माणसाला ही युक्ती सांगावी लागत नाही: शिजलेल्या साबणाच्या राबात मीठ टाकले की साबण वर येऊन तरंगतो आणि ग्लिसरीन मिसळलेले पाणी खाली राहते. मिठाचे आयन पाण्यात सुटे झाले म्हणजे पाण्याचे रेणू त्यांच्याभोवती गोळा होतात. लग्नघरी मानकरी मंडळी आली की घरची सारी माणसे त्यांच्याच सरबराईत गुंततात आणि बिनमानाच्या पाहुण्याला ओसरीबाहेर बसावे लागते, तसे पाण्याशी बेताचीच जवळीक असलेल्या द्रव्याचे होते, आणि शेजारी एखादा तेलकट विद्रावक असेल तर ते त्याच्यात निघून जाते. (चिरलेल्या काकडीला मीठ लावल्यावर पाणी सुटते त्याचे कारण वेगळे आहे, त्याची येथे गफलत करू नये.) अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात प्राध्यापक जेम्स डुमेसिक यांच्या गटाने २००७ साली हीच युक्ती फलशर्करेला लावली. खाली अम्ल आणि फलशर्करा असलेले पाणी, त्याच्यावर ब्युटॅनॉलासारखा विद्रावक, आणि पाण्यात मीठ, तेही पाणी आणखी मीठ घेईना इतके. खालच्या थरात एचएमएफ तयार होताच ते वरच्या थरात ढकलले जाई आणि मोडण्यापासून बचावे. त्याच द्रव्यावर पुढे तांबे आणि रुथेनियम यांच्या उत्प्रेरकाने हायड्रोजन घालून त्यांनी डायमिथिल-फ्युरान हे इंधन तयार केले, जे पाण्यात विरघळत नाही आणि ज्यात इथेनॉलपेक्षा सुमारे ४० टक्के अधिक ऊर्जा साठलेली असते. ब्युटॅनॉल हा विद्रावक एरवी पाण्यात बराच विरघळतो; मिठामुळे तोही पाण्यापासून वेगळा राहतो, हा एक फायदा वरकड.

येथवर मीठ नुसते पहारेकऱ्याचे काम करीत होते. विक्रियेत त्याचा स्वतःचा हात नव्हता. पुढे ध्यानात आले की क्लोराइड आयन विक्रियेच्या वाटेतही दखल देतो. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील तंत्रविद्यापीठात मार्कोतुल्लिओ आणि दे योंग या दोघांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले की सौम्य अम्लाच्या पाण्यात क्लोराइड लवण असले म्हणजे झायलोजपासून फरफ्युराल अधिक वेगाने आणि अधिक उताऱ्याने तयार होते. त्यांचे स्पष्टीकरण असे की शर्करेचे वलय उघडून ती ज्या मधल्या रूपातून जाते, त्या रूपाकडे वळण्यास क्लोराइड तिला मदत करतो. याखेरीज, पाण्याचे रेणू लवणाच्या आयनांशी गुंतून पडल्यामुळे अम्लाच्या प्रोटॉनवरचा त्यांचा पाश सैल होतो आणि तेवढेच अम्ल अधिक जोरकस ठरते, हेही एक कारण आहेच. विस्कॉन्सिनच्याच गटाने २०१९ मध्ये याहून चमत्कारिक गोष्ट मांडली. त्यांनी पाण्याऐवजी गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोन हा विद्रावक बराचसा वापरला, जो स्वतःच लेव्ह्युलिनिक अम्लापासून, म्हणजे अखेर शर्करेपासूनच, बनविता येतो. त्यात क्लोराइड लवण उत्प्रेरकाला शोभेल इतक्या अल्प प्रमाणात घातले, तर फलशर्करेपासून एचएमएफ होण्याची गती दहापट वाढली. पाणी निघून जात असता शर्करेच्या रेणूवर क्षणभर धन विद्युत्‌भार येतो. क्लोराइडचा ऋण भार इवल्याशा जागेत एकवटलेला असल्यामुळे तो अगदी निकट जाऊन त्या क्षणिक अवस्थेला सावरून धरतो, असे संगणकावर केलेल्या त्यांच्या गणिताने दाखविले. पहिल्या युक्तीत मीठ खंडीने लागत होते आणि दुसरीत चिमटीने भागते, हा भेद व्यवहाराच्या दृष्टीने फार मोठा आहे आणि मला तो वेगापेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

फलशर्करा आणि झायलोज यांची कथा ही झाली. पण सृष्टीत सर्वांत विपुल आहे तो सेल्युलोज, आणि तो या दोघींसारखा शहाणा नाही. द्राक्षशर्करेच्या हजारो रेणूंची लांबच लांब साखळी, आणि अशा साखळ्या हायड्रोजन-बंधांनी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या, की साधे पाणी त्यांच्यात शिरकाव करू शकत नाही. येथेही लवणच कामी येते, आणि ही माहिती आजची नव्हे. झिंक क्लोराइडाच्या दाट द्रावणात कागद भिजविला म्हणजे त्याचे तंतू फुगून एकमेकांना चिकटतात, हे ओळखून टॉमस टेलर याने १८५९ साली इंग्लंडात ‘व्हल्कनाइज्ड फायबर’ नावाच्या चिवट पदार्थाची सनद मिळविली. १९३४ मध्ये चार्ल्स ग्रेनाखर याने आपल्या सनदेत दाखविले की काही सेंद्रिय लवणे वितळलेल्या स्थितीत सेल्युलोज विरघळवितात. त्या सनदेकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही, आणि २००२ साली अलाबामा विद्यापीठात रॉबिन रॉजर्स यांच्या गटाने शंभर अंशांखाली वितळणाऱ्या लवणांत, ज्यांना आता आयनी द्रव म्हणतात, कापूस व कागदाचा लगदा विरघळवून दाखविला तेव्हा कोठे या विषयाला बरकत आली. अशा द्रवांत क्लोराइड आयनच मुख्य कारागीर असतो: तो साखळ्यांमधील हायड्रोजन-बंध एकेक करून आपल्याकडे ओढून घेतो आणि साखळ्या सुट्या होतात.

सुट्या झालेल्या साखळीची अम्लाने फोड केली की द्राक्षशर्करा मिळते, पण द्राक्षशर्करेचे एचएमएफ सहजी होत नाही. तिला आधी फलशर्करेचे रूप घ्यावे लागते. हा पालट अल्काच्या सान्निध्यात होतो हे लोब्री द ब्रॉइन आणि आल्बेर्डा फान एकेनस्टाइन या डच रसायनज्ञांनी १८९५ साली दाखवून दिले होते, आणि योगायोग असा की एचएमएफचे पहिले वर्णनही त्याच साली ड्युल आणि कीरमायर या दोघांनी स्वतंत्रपणे केले. अल्क आणि अम्ल एका भांड्यात नांदत नाहीत, म्हणून ही गाठ शंभर वर्षे सुटली नाही. ती २००७ साली अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत एका धातुलवणाने सोडविली. तेथील संशोधकांनी आयनी द्रवात क्रोमियम क्लोराइड अल्प प्रमाणात घालून १०० अंश उष्णतेवर द्राक्षशर्करेपासून सुमारे ७० टक्के एचएमएफ मिळविले. इतर अनेक धातूंची क्लोराइडे त्यांनी पारखून पाहिली, पण क्रोमियमाची बरोबरी कोणालाच साधली नाही. पाठोपाठ २००९ साली विस्कॉन्सिनच्या बाइंडर आणि रेन्स यांनी डायमिथिल-अॅसिटामाइड या विद्रावकात लिथियम क्लोराइड घालून, शुद्ध सेल्युलोजपासून ५४ टक्के आणि कसलीही पूर्वप्रक्रिया न केलेल्या मक्याच्या कडब्यापासून ४८ टक्के उतारा घेतला. त्यांच्या माध्यमात फलशर्करेसाठी क्लोराइडापेक्षा ब्रोमाइड सरस ठरले, आणि वर सांगितलेल्या इतर माध्यमांत क्लोराइडाचा मान मोठा. तेव्हा कोणते लवण श्रेष्ठ हा वाद विद्रावकाचे नाव सांगितल्याविना घालू नये.

लवणांचा आणखी एक पराक्रम येथे नमूद केला पाहिजे, कारण त्याची जात निराळी आहे. एचएमएफचे ऑक्सिडीभवन केले की फ्युरान-डायकार्बॉक्झिलिक अम्ल मिळते, आणि त्याच्यापासून पीईएफ नावाचे प्लास्टिक होते, जे आजच्या पाण्याच्या बाटल्यांच्या पीईटीपेक्षा ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड यांना कित्येक पटीने अधिक अडवून धरते. अमेरिकेच्या ऊर्जाखात्याने २००४ साली वनस्पतिजन्य बारा प्रमुख रसायनांची यादी केली तीत हे अम्ल होते. २०१६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मॅथ्यू कानन यांच्या गटाने सहा कार्बनी, म्हणजे खाण्याच्या, शर्करेची वाट टाकून भलतीकडूनच हे अम्ल गाठले: चिपाड-कोंड्यापासून मिळणाऱ्या फरफ्युरालाचे फ्युरॉइक अम्ल करावयाचे, ते कार्बोनेट लवणाबरोबर सुमारे २०० अंशांवर तापवावयाचे आणि वरून कार्बन डायऑक्साइड सोडावयाचा. एरवी कार्बन-हायड्रोजन बंध तोडण्यास अत्यंत तीव्र आणि महागडी अभिकर्मके लागतात. विद्रावकाचा मागमूस नसलेल्या वितळत्या लवणात कार्बोनेटासारखा सौम्य अल्कच तो बंध सैल करतो आणि उणा पडलेला सहावा कार्बन वायूतून येऊन बसतो. ज्याला आपण धुराड्याचा कचरा समजतो तो वायू येथे कच्चा माल म्हणून रुजू झाला. या अम्लाचा ५,००० टन वार्षिक क्षमतेचा कारखाना अॅव्हँटियम कंपनीने नेदरलँड्समध्ये डेल्फझाइल येथे उभारला, आणि २०२४ साली त्याचे उद्‌घाटन झाले. तो मात्र फलशर्करेवर चालावयाचा आहे, स्टॅनफर्डच्या वाटेने नव्हे.

येथवरच्या मजकुरावरून वाचकाचा असा ग्रह होऊ नये की मिठाने सारे काम फत्ते केले. प्रयोगशाळेतील टक्केवारी आणि कारखान्याच्या ताळेबंदातील टक्केवारी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि लवणाच्या बाबतीत तर त्यांच्यातील अंतर अधिकच. भांड्यात घातलेले लवण विक्रियेत संपत नाही. ते शेवटी तसेच्या तसे उरते, आणि उरलेल्या प्रत्येक मणाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. दुग्धाम्लाच्या जुन्या धंद्यात याचा कित्ता आहे. साखर आंबवून दुग्धाम्ल करताना ते वाढून जिवाणूंची वाढ खुंटू नये म्हणून चुनखडी घालतात. त्याचे कॅल्शियम लवण होते, त्यातून अम्ल सोडविण्याकरिता गंधकाम्ल घालावे लागते, आणि शेवटी एक टन दुग्धाम्लामागे सुमारे एक टन जिप्सम शिल्लक राहते, ज्याला गिऱ्हाईक मिळणे कठीण. मिठाचे पाणीही असेच. ते ओढ्या-नाल्यात सोडता येत नाही, आणि आटवावे तर इंधन जळते. क्रोमियमाची गोष्ट याहून अवघड, कारण त्याचे एक रूप घोर विषारी आहे, आणि ज्या रसायनाला ‘हरित’ म्हणून मिरवायचे त्याच्या मुळाशी क्रोमियम असावे हे कोणालाही पटण्याजोगे नाही. आयनी द्रवांचे मोल इतके की त्यांचा थेंबही वाया जाऊन चालत नाही, आणि चिपाडातील राख, चिकटा व पाणी त्यांत मिसळले की ते पूर्ववत शुद्ध करणे कष्टाचे. शिवाय तापलेल्या अम्लयुक्त क्लोराइडापुढे साध्या स्टेनलेस पोलादाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात आणि पुढे भेगा जातात. मग काचेचे अस्तर लावा, नाही तर टायटॅनियम वा निकेलच्या उंची मिश्रधातूंचे भांडे करा. मिठाच्या स्वस्ताईचा पैसा असा भांड्याच्या किमतीत वसूल होतो. म्हणूनच माझा कल लोणच्यासारखे मीठ घालणाऱ्या पद्धतींपेक्षा चिमटीभर क्लोराइडावर भागविणाऱ्या पद्धतींकडे आहे.

या सगळ्याचा आपल्याकडील संबंध चिपाडातून येतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चिपाडातील हेमिसेल्युलोजपासून फरफ्युराल मिळविण्याचे काम घन अम्ल-उत्प्रेरके आणि आयनी द्रव अशा दोन्ही मार्गांनी झालेले आहे. साखर कारखान्याच्या आवारात फरफ्युरालाचा कारखाना ही कल्पनाही नवी नव्हे. डॉमिनिकन प्रजासत्ताकात ला रोमाना येथे आणि दक्षिण आफ्रिकेच्या सागरकिनारी सेझेला येथे असे कारखाने उसाच्याच चिपाडावर चाललेले आहेत, आणि सेझेलाच्या पद्धतीत तर बाहेरून अम्लही घालीत नाहीत, चिपाडातून वाफेबरोबर सुटणारे अॅसेटिक अम्लच ते काम निभावते. आपल्याकडे अडचण वेगळी: चिपाड मोकळे पडलेले नाही. गाळपाला वाफ त्याच्यापासून मिळते, सहवीजनिर्मितीचे करार त्याच्यावर झालेले आहेत, आणि उरलेल्याला कागद गिरणी भाव देते. यावर फरफ्युरालाचा पुरस्कर्ता असे म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे, की मी चिपाडातला पाव-एक हिस्सा हेमिसेल्युलोज तेवढा घेतो, सेल्युलोज आणि लिग्निन यांचा चोथा तुमच्या बॉयलरला परत देतो. पण भांड्यात मीठ घातले असेल तर तो चोथा तसाच जाळता येत नाही, कारण क्लोराइड बॉयलरच्या नळ्यांवर बसून त्या खाऊ लागते. तो आधी धुवावा लागतो, धुण्यास पाणी लागते, ते खारे पाणी आटविण्यास वाफ लागते, आणि वाफेसाठी पुन्हा चिपाड.